अकरा खोट्या सूचना

स्टिअरिंग हललं, आणि मी ते हलवलं नव्हतं. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं, रस्ता सरळ आणि मोकळा, वेग ऐंशी, खिडक्या बंद, एसी दोनवर. हे सगळं मला पाठ असतं, कारण असल्या गोष्टी सांगण्याचाच मला पगार मिळतो. आधी चाकातून एक बारीक थरथर तळहातात आली, मग मुलाचं बोट धरून चालताना त्यानं एकदम दुसरीकडे ओढावं तसं चाक उजवीकडे ओढलं गेलं, आणि समोर एक पिवळा दिवा लागून विझला. मी म्हटलं, "अरे! हे काय?" शेजारी आमची ज्युनियर बसली होती, मांडीवर फॉर्म, हातात पेन. दीड वर्षापूर्वी इंजिनीअर होऊन आमच्या विभागात आलेली मुलगी. ती म्हणाली, "लेनची सूचना आहे सर. डावीकडची. आपण पांढऱ्या रेघेवर गेलो की गाडी स्वतःहून आत घेते. लिहू?" म्हटलं, लिही की. तर म्हणते, "खरी लिहू की खोटी?" मला रागच आला. म्हटलं, "खोटी. विचारायचं काय त्यात? मी चालवतोय." तिनं मान खाली घालून खोटीच्या रकान्यात एक उभी रेघ मारली.

मी चालवतोय, याला आमच्या ऑफिसात एक खास अर्थ आहे. कंपनीच्या वाहतूक विभागात मी सव्वीस वर्षं गाड्या तपासतोय. दर चार वर्षांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी नव्या सेडान घ्यायच्या असतात, चाळीस-बेचाळीस एकदम, आणि त्याआधी तीन कंपन्यांच्या तीन गाड्या आठवडा-आठवडा आमच्या ताब्यात येतात. त्यांच्याबरोबर गुळगुळीत कागदाची पुस्तकं येतात. ती मी उघडतसुद्धा नाही. लग्न जमवणाऱ्याकडे वाईट मुलगा कधी असतो का? फॉर्म माझा, मीच बनवलेला, चार भागांचा: खर्च, सोयी, सुरक्षितता, इंधन. टाकी काठोकाठ भरायची, पंपाची नळी पहिल्यांदा टक् करून बंद झाली की थांबायचं, दोनशे किलोमीटर चालवायची, परत त्याच पंपावर, त्याच नळीनं भरायची. डिकीत पुस्तकातले लिटर मोजायचे नाहीत. ऑफिसच्या तीन ठरलेल्या बॅगा ठेवून झाकण लागतं का ते बघायचं. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की तिन्ही गाड्या एकाच माणसानं चालवायच्या. रस्ता तोच, माणूस तोच, म्हणजे जो काही फरक पडेल तो गाडीचा. हा नियमही माझाच. त्यावरून ऑफिसात मला 'तराजू' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

तशी ही तिसरी गाडी मला आवडायला लागली होती. गर्द निळी, दार लावताना टिनाचा आवाज न करणारी. मागच्या सीटवर मी नेहमी स्वतःच्याच मागे बसून बघतो, म्हणजे पुढची सीट माझ्या मापाची ठेवून मागे गुडघ्याला किती जागा उरते ते. इथे चांगली चार बोटं उरत होती. मागच्या पट्ट्याचं कुलूप एका हातानं, न बघता लागत होतं. आमचे साहेब लोक मागच्या सीटवर पट्टा लावत नाहीत त्याचं अर्धं कारण हे असतं की कुलूप सीटच्या फटीत गाडलेलं असतं, आणि फटीत बोटं घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं. एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. मागच्या सीटचा पंखा टचस्क्रीनच्या पडद्यावर तीन पानं आत लपवलेला. साधं बटण द्यायला यांच्या काय बापाचं जातं? तेवढ्यात पुन्हा थरथर. पुन्हा पिवळा दिवा. आता ज्युनियरनं विचारलं नाही, नुसती रेघ मारली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, ऊन कॅमेऱ्यावर पडतंय. चौथ्या वेळी म्हटलं, रस्ता दुरुस्त करताना डांबराचे जोड टाकलेत, ते त्याला पांढरी रेघ वाटतात. पाचव्या वेळी काही म्हटलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. दोनशे किलोमीटर पुरे करून आम्ही पंपावर परत आलो तेव्हा खोटीच्या रकान्यात अकरा रेघा होत्या, आणि खरीचा रकाना कोरा होता.

दुपारी खरेदीप्रमुख माझ्या टेबलाशी आला. हा माणूस कधी बसत नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर हात टेकून उभ्याउभ्या बोलतो. "काय तराजू, तिसरी बाद ना?" म्हणाला. मी म्हटलं, इंधनात ती सगळ्यांच्या पुढे आहे, लिटरला दीड किलोमीटर जास्त. "ते राहू दे हो. सुरक्षिततेत अकरा चुका म्हणजे काय थट्टा आहे का? आणि किंमत बघा. या कॅमेऱ्या-बिमेऱ्याचेच पैसे आहेत ते." त्याला दुसरी गाडी हवी होती, पांढरी, साधी, ज्यात असलं काहीच नव्हतं. त्याचंही चूक नव्हतं म्हणा. चालकाला अकरा वेळा दचकवणारी गाडी चाळीस जणांच्या हातात कोण देईल? मला फक्त खाली एक ओळ लिहायची होती: 'लेन-सूचना अविश्वसनीय, सबब सहा गुण वजा.' लिहायला बसलोही. पण माझी सवय अशी, की शेवटची ओळ लिहायच्या आधी तिन्ही फॉर्म टेबलावर शेजारी-शेजारी मांडायचे आणि ओळीनं वाचायचे. वाचता-वाचता पहिल्या गाडीच्या फॉर्ममध्ये माझ्या अक्षरात दिसलं: 'डावा आरसा अपुरा.' दुसरीच्या फॉर्ममध्ये: 'डावा आरसा अपुरा, समोरच्या काचेचा डावीकडचा खांब जाड.' तिसरीच्या फॉर्ममध्ये आदल्या दिवशी लिहिलेलं होतं: 'डावा आरसा अपुरा.' तीन कंपन्या. तीन कारखाने, तीन वेगळ्या देशांतले. आणि तिघांनाही डावाच आरसा जमू नये?

मी पेन ठेवलं. पाणी प्यालो. उगाच कपाटातून चार वर्षांपूर्वीचे फॉर्म काढले. तेव्हाच्या तिन्ही गाड्यांना आरशांचे गुण पूर्ण दिले होते, डावे-उजवे दोन्ही.  स्वतःच्या आकड्यांवर शंका आली की मला हटकून माझ्या आधीचा तपासनीस आठवतो, ज्याच्या हाताखाली मी शिकलो. आम्ही त्याला बाबूजी म्हणायचो. बाबूजींची नजर अशी की चालत्या गाडीच्या टायरमध्ये हवा किती ते सांगत. शेवटच्या वर्षात त्यांचे ब्रेकचे आकडे विचित्र यायला लागले, दरवेळी दोन-तीन मीटर जास्त. ते म्हणायचे, हल्लीच्या गाड्यांचे ब्रेकच मऊ. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, अंगात रग. एक दिवस त्यांना न सांगता त्याच गाड्या त्याच ठिकाणी मी थांबवून बघितल्या आणि आकड्यांचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. ब्रेक मऊ नव्हते. बाबूजींचा पाय उशिरा पडत होता. त्यांना टायरच्या गोदामात बसवलं. निवृत्तीपर्यंत तिथं चिठ्ठ्या फाडत होते. मी टायर आणायला गेलो की हसून चिठ्ठी द्यायचे, चहा विचारायचे. एका शब्दानं कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलंय. त्या गोदामाला खिडकी नाही, आणि वर्षभर आत रबराचा उग्र वास असतो. तिथली ती खुर्ची अजून तशीच आहे.

घरी बसनं गेलो. तपासणीची गाडी घरी न्यायची परवानगी असते मला, पण त्या दिवशी नको वाटलं. ही दार उघडून म्हणाली, "आज गाडी नाही?" म्हटलं, नाही. बूट काढताना डावा खांदा चौकटीवर आपटला. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. त्या न बघण्याकडे माझं लक्ष गेलं. माणूस दारावर आपटला तर बायको निदान 'अहो, लागलं का?' असं तरी म्हणते की नाही? म्हणजे ते नेहमीचं झालं असणार. मी जेवायच्या टेबलाशी बसलो. तिनं चहा आणला आणि माझ्या मागून वळसा घालून कप उजव्या हाताशी ठेवला. स्वयंपाकघर डावीकडे आहे. तिथून येणाऱ्या माणसाला डाव्या हाताशी ठेवणं सोपं. बत्तीस वर्षांच्या संसारात कप डावीकडेच यायचा, हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं, डाव्या बाजूला टेबलावर कपाचं वर्तुळ उमटलेलं होतं आणि त्यावरून आमची भांडणं झाली होती. "कप इकडे का ठेवतेस?" मी विचारलं. "तिकडे ठेवला की सांडता तुम्ही." "कधीपासून?" "झालं की वर्ष." मी म्हटलं, "मग बोलायचं नाही?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण हट्टी म्हाताऱ्याकडे बघतो. "बोलले होते. तुम्ही म्हणालात टेबल अरुंद आहे. दारावर आपटता तेव्हा म्हणालात, सुतारानं चौकट वाकडी बसवलीये. पेपर वाचताना ओळ सापडत नाही तर छपाई भिकार. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. किती वेळा बोलायचं माणसानं?"

पेपरचं ती बोलली. खरंच होतं ते. गेले कित्येक महिने ओळ वाचून संपली की पुढच्या ओळीचं सुरुवातीचं टोक मला सापडत नव्हतं. बोट ठेवून वाचायला लागलो होतो आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं नाही. समोरचं मला स्वच्छ दिसतं. लांबच्या गाडीचा नंबर मी ज्युनियरच्या आधी वाचतो. अंधार नाही, धूसर नाही, काही नाही. डावीकडे काही कमी आहे असं मुळी वाटतच नाही, कारण जे दिसत नाही तिथं काही नाहीच असं डोकं धरून चालतं, आणि माणूस निवांत असतो. मी एक डोळा झाकला. समोर ही. दुसरा झाकला. समोर हीच, फक्त तिचा एक हात टेबलावर होता की नाही ते मला सांगता येईना. मान वळवली तेव्हा हात टेबलावरच होता, बांगड्यांसकट, आणि त्या हातात एक कागद होता. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली चिठ्ठी. "परवाची आहे," ती म्हणाली. "तीनदा घेतली आणि तीनदा रद्द केली मी. तुम्ही चिडाल म्हणून." मग खुर्ची ओढून बसली आणि एकदम रडवेल्या आवाजात म्हणाली, "अहो, उद्या नका ना चालवू. मला दिवसभर काही सुचत नाही. फोन वाजला तरी धस्स होतं."

मी उठून हिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ते सोडून मी भांडलो. म्हटलं, एक कप सांडला तर तू मला आंधळा ठरवणार? सव्वीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या हातून! म्हटलं, उद्या मी चालवणारच नाहीये, उद्या ती पोरगी चालवेल, त्याच रस्त्यावर तीच गाडी, आणि तिलाही अकरा वेळा थरथर झाली की आणून दाखवतो तुला कागद. म्हणता-म्हणता मला ती कल्पना पटली. फॉर्ममध्ये कलमच आहे तसं: दोष गंभीर असेल तर दुसऱ्या चालकाकडून खात्री करावी. कॅमेऱ्यात दोष असेल तर तो तिलाही छळेल. नसेल तर मग— तर मग काय ते मी मनात पुरं केलं नाही. ही म्हणाली, "आणि तिला नाही झाली तर?" मी म्हटलं, "चहा गार झाला." आणि गार चहा उजव्या हातानं उचलून पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मी डाव्या बाजूच्या सीटवर बसलो. सव्वीस वर्षांत या बाजूला मी क्वचित बसलोय, आणि बसलो की मला माझे वडील आठवतात. ते गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. मला पहिल्यांदा गाडी चालवायला दिली तेव्हा तोंडानं अवाक्षर बोलले नाहीत, पण शेजारी बसून त्यांचा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता, आणि उतरल्यावर पोटऱ्या चोळत म्हणाले होते, "मस्त चालवलीस." आता माझाही पाय दाबत होता. ज्युनियर छान चालवत होती. चाक फार घट्ट धरत नव्हती, फार ढिलंही सोडत नव्हती. फॉर्म माझ्या मांडीवर, पेन माझ्या हातात. पहिले वीस किलोमीटर काही नाही. जिथं काल मला ऊन नडलं होतं तिथं तेच ऊन होतं, साडेदहाचं. गाडी गप्प. डांबराचे जोड आले आणि गेले. गाडी गप्प. मी बोटांनी मोजत होतो: कालची चौथी इथं झाली, पाचवी त्या पाटीपाशी, सहावी पुलाच्या चढावर. प्रत्येक ठिकाण जवळ आलं की मी पेन रकान्यावर टेकवायचो, आणि मागे पडलं की उचलायचो. साठ किलोमीटर. सत्तर. मला ती थरथर हवी होती. एकदा, फक्त एकदा. एका थरथरीवर मी अख्खं आयुष्य उभं करून दाखवलं असतं. कॅमेरा दोषी आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, असं कुणाच्याही तोंडावर म्हटलं असतं.

मग मी जे केलं ते सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगतो. मी तिच्याशी बोलायला लागलो. मी गाडीत कधी बोलत नाही, चालकाशी बोलू नये असं मीच सगळ्यांना शिकवतो. तिला आधी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारलं. ती रस्त्यावरची नजर न काढता उत्तरं देत राहिली, बरं आहे सर, वॉकर घेऊन चालते सर. हुशार पोरगी. मी म्हटलं, "जरा तो मागच्या सीटचा पंखा लाव बरं. चालवताना सापडतो का, बघू." मला माहीत होतं तो तीन पानं आत आहे. काल त्यावरून मीच शिव्या घातल्या होत्या. "आत्ता, सर?" "हो, आत्ता. सोयींचे गुण द्यायचेत ना." ती 'बरं' म्हणाली, कारण मी सर आहे. तिनं एक बोट पडद्यावर ठेवलं. पहिलं पान. रस्त्याकडे एक नजर. दुसरं पान. तिला तिसरं सापडेना. "खाली बघ, खाली," मी म्हटलं. आणि गाडी थरथरली. पिवळा दिवा लागला, चाक उजवीकडे ओढलं गेलं, तिनं किंचाळल्यासारखा आवाज केला आणि ब्रेक दाबत-दाबत गाडी शंभरेक पावलं पुढे नेऊन कडेला उभी केली.

मला आनंद झाला. असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी फॉर्मवर पेन टेकवून जवळजवळ ओरडलोच, "बघ! तुलाही वाजली! खोटी! बारावी!" तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. ती म्हणाली, "सर, बाई होती."

"कोण बाई?"

"लाल स्वेटरवाली. सायकल हातात धरून चालत होती. सर, तुमच्या खिडकीला लागून गेलो आपण. तुमच्या खिडकीला!" मग ती माझ्याकडे वळली, आणि मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं की तिला समजलंय. "तुम्हाला दिसली नाही?" मी मान पूर्ण वळवली, पार पाठीमागपर्यंत, आणि मागच्या काचेतून बघितलं. लांब सरळ रस्ता. कडेला एक बाई सायकलच्या दांड्यावर हात टेकून उभी होती आणि आमच्या गाडीकडे बघत होती. स्वेटर लालभडक होता. असा लाल, की कारखान्यात धोक्याच्या पाट्यांना वापरतात.

 इंजिन चालूच होतं, आणि मागच्या सीटचा पंखा, जो तिच्या धसक्यात कसा कोण जाणे लागला होता, तोही घोंघावत होता. मी विचारलं, "काल तू रेघेकडे बघत होतीस?"

"हो, सर."

"गाडी खरंच रेघेवर जात होती?"

"प्रत्येक वेळी, सर. मी पहिल्यांदा विचारलं होतं तुम्हाला." तिनं फॉर्मकडे बोट दाखवलं. "मग पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. माझी चूक आहे."

"तुझी कसली चूक," मी म्हटलं. आणि मग जे विचारायचं नव्हतं ते तोंडातून गेलं. "काल तिथं कोणी होतं? कडेला?"

 ती म्हणाली, "नऊ वेळा कोणी नव्हतं, सर."

"आणि दोनदा?"

"एकदा एक आजोबा होते. काठी होती हातात. ते तसे लांब होते."

"आणि?"

"दोन मुली, सर. दप्तरं होती पाठीला. शाळेतून येत असतील."  मी म्हटलं, केवढ्या होत्या? तिला वाटलं असेल या माणसाला हे कशाला हवंय. मला मात्र हवं होतं, आकडा मिळाल्याशिवाय मला काही कळत नाही, जन्मभराची खोड. तिनं चाकावरून एक हात काढला आणि दोघांच्या सीटांच्या मध्ये, हाताच्या टेकूच्या थोडा वर, आडवा धरला. "एवढ्या," म्हणाली.  मी त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो. तिथं दोन मुली काल होत्या, एकमेकींशी काहीतरी बोलत चालल्या असतील, आणि माझ्या लेखी तिथं ऊन होतं आणि डांबराचे जोड होते.

मी फॉर्म उचलला. खोटीच्या रकान्यातल्या अकराही रेघांवर काट मारली आणि खरीच्या रकान्यात बारा रेघा ओढल्या. सुरक्षितता, दहापैकी दहा. पहिल्या दोन गाड्यांच्या आरशांबद्दल लिहिलं की ते गुण रद्द समजावेत, तपासणी नव्या माणसाकडून पुन्हा करून घ्यावी. परीक्षकाच्या नावासमोर माझं नाव छापलेलंच असतं. ते खोडलं आणि फॉर्म तिच्या मांडीवर ठेवला. "इथं तुझं नाव घाल." ती म्हणाली, "सर, असं नका करू. साहेब तुम्हाला गोदामात—" म्हटलं, ठाऊक आहे. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायलोय मी. मग पट्टा काढला, दार उघडलं आणि उतरलो.

बाई तिथंच उभी होती. मी चालत तिच्यापर्यंत गेलो. शंभर पावलं होती, मोजली. तिचं वय माझ्या बायकोएवढंच असेल, सायकलच्या मागे भाजीची पिशवी बांधलेली, तोंड रागानं लाल झालेलं. मी हात जोडले. म्हटलं, "बाई, माफ करा. मला तुम्ही दिसलाच नाहीत."

"दिसत नाही?" ती कडाडली. "एवढी धडधाकट बाई दिसत नाही? दिसत नाही तर चालवता कशाला हो गाडी?"

मागून ज्युनियर पळत आली होती. धापा टाकत म्हणाली, "अहो, सर चालवत नव्हते, मी चालवत होते—"

मी हात वर करून तिला थांबवलं. "नाही चालवणार," मी त्या बाईला म्हणालो. "आजपासून नाही चालवणार."

 खाली वाकून तिनं सायकलची चेन नीट बसवली आणि पुन्हा चालायला लागली.